बर्फाची परीक्षा आणि एक सही

मे महिन्यातली रात्र होती. मनमाडचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना तो वर्णन करून सांगायला नको. ओट्यावर सतरंजी टाकून आम्ही सगळे बसलो होतो. आई, थोरले भाऊ, वहिनी, आमची सौ., मुले आणि पुण्याहून चार दिवसांच्या रजेवर आलेली पुतणी. ओट्याच्या कडेला पाण्याचे निळे ड्रम ओळीने उभे होते. मनमाडकराच्या घरी एक वेळ पाहुण्याला जागा नसेल, पण ड्रमला असते. नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी पाणी येण्याची वर्षे या गावाने काढली आहेत. वागदर्डीचे धरण आटले की काय होते ते आमच्या बायाबापड्यांना विचारावे. आमची आई अजूनही झोपण्यापूर्वी प्रत्येक ड्रमवर बोटाने टकटक करून पाणी कुठवर आहे ते आवाजावरून ओळखते. झाकण उघडावे लागत नाही.

त्या रात्री आईने नातीला विचारले, "पोरी, तीन वर्षं झाली नोकरीला. पण तू तिथं करती काय, ते काही मला कळलं नाही."

"बर्फ करते, आजी."

"बर्फ? गोळ्याची गाडी लावली काय?"

सगळे हसले. पुतणीही हसली. "अगं, विमानात जी यंत्रं बसवतात ना, त्यांच्यावर बर्फ चढवते. मग बघते, यंत्र चालतं का बंद पडतं."

आई क्षणभर गप्प राहिली. मग ड्रमांकडे पाहून म्हणाली, "इथं प्यायला पाणी नाही आन् तुम्ही त्याचा बर्फ करून यंत्रावर टाकता. धन्य आहे बाई तुमची!"

वाचकहो, आम्ही स्वतः बी.कॉम. झालेले, जन्म कारकुनीत चाललेला. विज्ञानाशी आमचा संबंध दहावीनंतर सुटला. तेव्हा आईचा प्रश्न आमचाही होता, फक्त विचारायची लाज वाटत होती. त्या रात्री जे कळले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, आणि त्यासोबत आमच्या हातून झालेली एक चूकही सांगावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची पुतणी इलेक्ट्रॉनिक्सची पदविकाधारक. शिकल्यावर वर्षभर ओझरच्या विमान कारखान्यात तिने अ‍ॅप्रेंटिसशिप केली. आपल्या जिल्ह्यात राहून ओझर माहीत नाही असा माणूस विरळा. १९६४ साली मिग विमाने बांधण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा हा कारखाना तिथे आला. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाले. सुखोई विमानेही ओझरलाच जोडली गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे बांधलेल्या 'तेजस मार्क-१ए' या विमानाने पहिले उड्डाण केले. ओझरनंतर पुतणीला पुण्याजवळच्या एका खाजगी चाचणी प्रयोगशाळेत नोकरी लागली. विमानात आणि हेलिकॉप्टरमध्ये बसवायच्या इलेक्ट्रॉनिक पेट्या निरनिराळ्या कंपन्यांकडून तिथे तपासायला येतात. त्यांना ती 'युनिट' म्हणते, आम्ही घरात 'डबा' म्हणतो. डबा हलवून पाहतात, तापवून पाहतात, भिजवून पाहतात आणि गोठवूनही पाहतात.

"पण विमानात बर्फ येतो कुठून?" भाऊंनी विचारले.

तिने वर बोट दाखवले. जमिनीपासून वर जावे तसे दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरते. खाली मनमाडला चाळीस अंशांत आपली लाही होत असताना दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाच्या पत्र्याबाहेर शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास थंडी असते. ढगातल्या पाण्याची गंमत अशी, की थेंब शून्याखाली गेले तरी कित्येकदा गोठत नाहीत, पाणीच राहतात. विमानाचा गार पत्रा लागला की मात्र तिथल्या तिथे बर्फ होऊन चिकटतात.

हा झाला ढगातला बर्फ. दुसरा बर्फ जमिनीवरच्या हवेतून येतो, आणि तो जास्त लबाड. वर तासन् तास गारठलेले विमान पावसाळ्यात मुंबईला उतरते. तिथली हवा दमट. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला जसा घाम फुटतो, तसा त्या गार डब्याला फुटतो. ते पाणी सांध्यांत, वायरींच्या जोडांत, स्क्रूच्या आट्यांत जाऊन बसते. विमान पुन्हा वर गेले की गोठते. आणि पाणी गोठले की नऊ टक्क्यांच्या आसपास फुगते.

"आपली काचेची बाटली फुटली होती तशी," वहिनी म्हणाल्या. फ्रीजरमध्ये विसरलेली भरली बाटली सकाळी दुभंगलेली सापडली होती.

"तशीच, आई. फक्त इथं बाटली नाही फुटत. रबराची सील उलते, बारीक टाका तुटतो, नाहीतर फिरणारा भाग जाम होतो. बाहेरून काही दिसत नाही."

थंडीने होणारे नुकसान नाशिक जिल्ह्याला काही नवे नाही. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर डिसेंबर २०१८ मध्ये पारा १.८ अंशांवर उतरला होता. अशा रात्री बागाईतदार द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून जागत बसतात. पण बाग डोळ्यांसमोर असते. डब्यात काय झाले ते कळायला तो मुद्दाम गोठवूनच पाहावा लागतो.

त्याचे नियम छापील आहेत. विमानातल्या उपकरणांसाठी जगभर मानली जाणारी 'डीओ-१६०' नावाची नियमावली १९७५ पासून आहे. तिच्या आजच्या आवृत्तीतला चोविसावा विभाग सगळा बर्फावर आहे. आपल्या सैन्याच्या इलेक्ट्रॉनिक सामानासाठी 'जेएसएस ५५५५५' नावाची आपली नियमावली आहे. अमेरिकी सैन्याच्या नियमावलीत तर बर्फाच्या थराची मापेच ठरलेली आहेत : ६, १३, ३७ आणि ७५ मिलिमीटर. पंचाहत्तर मिलिमीटर म्हणजे आपली चार बोटे जाड बर्फ.

पुतणी करते त्यातली एक परीक्षा अशी. डबा बंद ठेवून चेंबरमध्ये आतपर्यंत गारठवायचा. मग शक्य तितक्या लवकर तीस अंशांच्या, पंचाण्णव टक्के दमट हवेत आणायचा. त्याच्यावर दव धरते, पाणी आत शिरते. अंग जरा कोमट होऊ लागले की पुन्हा गारठवायचा. अशा तीन फेऱ्या. तिसरीनंतर शून्याखाली दहा अंशांच्या सुमारास डबा चालू करायचा आणि त्याने काम बरोबर केले की नाही ते लिहायचे. ज्या डब्यात फिरणारे भाग असतात त्यांची परीक्षा याहून कडक. आणि ज्यांच्यावर उघडे पाणी साचून गोठू शकते त्यांच्यावर पाणी फवारून काचेसारखा टणक बर्फ चढवतात. सबंध विमानाचीही अशी परीक्षा होते. तेजस विमान २०१५ च्या हिवाळ्यात लेहला नेऊन, रात्रभराच्या थंडीनंतर शून्याखाली पंधरा अंशांत सुरू होते का ते पाहिले होते.

"एवढं करून काय मिळतं?" भाऊ म्हणाले. "एखादा डबा बंद पडला तर दुसरा असतो ना विमानात?"

पुतणीचा चेहरा तेव्हा बदलला. ती म्हणाली, "दादा, दुसराच काय, तिसरापण असतो. ऐका."

आणि तिने गोष्ट सांगितली. २७ नोव्हेंबर २००८. फ्रान्समधले पेर्पिन्यां गाव. तिथे रंगकाम आणि दुरुस्ती झालेले एक एअरबस ए-३२० विमान मालकाच्या ताब्यात देण्यापूर्वी तपासणीच्या उड्डाणासाठी निघाले. आत सातजण. तीन दिवसांपूर्वी धूळ काढण्यासाठी ते पाण्याने धुतले होते. विमानाच्या नाकाजवळ बाहेरून लहान पात्यासारख्या तीन पट्ट्या असतात. वारा कोणत्या कोनातून येतो ते पाहून त्या आतल्या संगणकांना सांगतात, की नाक किती वर उचललेले आहे. धुताना त्या झाकायच्या असतात. त्या झाकल्या नव्हत्या. पाणी आत गेले, विमान वर गेल्यावर गोठले, आणि तीनपैकी दोन पट्ट्या एकाच कोनात घट्ट बसल्या.

"तिसरी?" आमच्या मुलाने विचारले.

"तिसरी चांगली होती. खरं तेच सांगत होती. पण संगणक तिघींचं ऐकतो आणि जी वेगळी बोलते तिला बाजूला काढतो. दोघी खोट्या एकसारखं बोलत होत्या, म्हणून खरी बाद झाली."

पुढे वैमानिकांनी समुद्रावर, कमी उंचीवर, विमान मंदावले की ते स्वतःला सावरते का याची परीक्षा घेतली. विमान सावरले नाही, समुद्रात कोसळले. सातही माणसे गेली. चौकशीचा अहवाल २०१० मध्ये आला. त्यात गोठलेल्या पाण्याबरोबर माणसांच्या चुकाही आहेत : न पाळलेली धुण्याची रीत, आणि ती परीक्षा इतक्या खाली घेणे.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १ जून २००९ रोजी, ब्राझीलहून पॅरिसला निघालेले विमान अटलांटिक महासागरात पडले आणि २२८ माणसे गेली. तिथे वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फाचे कण साचले होते. नळ्या मिनिटभराच्या आत मोकळ्या झाल्या, पण तेवढ्या वेळात यंत्राने उड्डाणाचा ताबा सोडला होता आणि गोंधळलेल्या वैमानिकांना विमान सावरता आले नाही.

ओट्यावर कुणी बोलेना. आईने पदराने तोंड पुसले.

मग हळूहळू कळले की पोरगी नुसती सुट्टीवर आलेली नाही. तिच्या टेबलावर एक अहवाल सहीसाठी पडून होता. विमानाच्या बाहेरच्या बाजूला बसणाऱ्या एका उपकरणाचा डबा. दोन फेऱ्या व्यवस्थित गेल्या. तिसरीनंतर चालू केला तेव्हा चाळीस सेकंद त्याने चुकीचा आकडा दाखवला. मग आपोआप बरोबर दाखवू लागला. वरिष्ठ म्हणाले, चेंबरच्या वायरीचा दोष असेल, शेवटी चालला ना, पास लिही. सोबतचा तंत्रज्ञही म्हणाला, चालला. गिऱ्हाईक मोठे, तारीख जवळ आलेली. अहवालावर 'चाचणी करणाराची सही' असे जिथे छापलेले असते, तिथे मात्र हिचीच सही लागणार होती. वायर तिने बदलून पाहिली होती. वायरीत दोष नव्हता.

"नाना, दोघं म्हणतात चालला. मी एकटी म्हणते नाही. मी ती तिसरी पट्टी झालेय बघा," ती आम्हाला म्हणाली.

आता घरातले बोलणे ऐका. भाऊ निवृत्त झालेले, घराच्या कर्जाचे हप्ते पोरीच्या पगारातून जातात. ते म्हणाले, "कायम होईपर्यंत कुणाशी वाकडं घेऊ नको." वहिनी काही बोलल्या नाहीत, पण डोळ्यांतून तेच बोलल्या. मग सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले. वस्तीत आम्ही कार्यकर्ते. कुणाचे रेशनकार्ड अडो, कुणाचा दाखला अडो, लोक आमच्याकडे येतात. अर्ज कसा लिहायचा ते आम्हाला कळते.

आम्ही काय सल्ला दिला? सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आम्ही म्हणालो, "वर 'पास' लिही. खाली शेऱ्यात बारीक अक्षरांत लिहून ठेव, की सुरुवातीला काही काळ आकडा स्थिर नव्हता. उद्या काही झालं तर आपण लिहिलं होतं म्हणता येईल. आणि आज कुणी दुखावत नाही."

पुतणीने आमच्याकडे पाहिले. राग नव्हता त्या नजरेत. ती म्हणाली, "नाना, टँकरच्या वहीत तुम्ही असंच केलं होतं ना?"

वाचकहो, २०१६ च्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आम्ही तेव्हा एका कचेरीत होतो. तिचे नाव महत्त्वाचे नाही, सही आमची होती ते महत्त्वाचे. टँकरच्या खेपांची वही आमच्या टेबलावरून पुढे जायची. एके दिवशी वहीत तीन खेपा लिहून आल्या. दोनच झाल्या होत्या, हे आम्हाला माहीत होते. आधीच्या दोन सह्या झालेल्या होत्या. आमची तिसरी. आम्ही सही केली आणि शेऱ्यात बारीक अक्षरांत लिहिले : 'खेपांची खात्री करावी.' ती खात्री कुणी केली नाही, कारण कुणी करणार नाही हे लिहितानाच आम्हाला ठाऊक होते. त्या रात्री अकरापर्यंत वहिनी आणि ही पोरगी, तेव्हा पंधरा वर्षांची, हंडे घेऊन न येणाऱ्या तिसऱ्या टँकरची वाट पाहत रस्त्यावर उभ्या होत्या. घरी आल्यावर आम्हीच खजील होऊन हे सांगितले होते. आम्ही विसरलो, ती विसरली नव्हती.

आम्ही गप्प बसलो. बोलली ती आई.

आमचे वडील रेल्वेच्या पुलांच्या कामावर खलाशी होते. मनमाडला पुलांचे गर्डर बनवणारा रेल्वेचा मोठा कारखाना आहे, हे बहुतेकांना माहीत असेल. जुन्या गर्डरांना हजारो रिव्हेट असायचे. एकेक रिव्हेट हलक्या हातोडीने ठोकून पाहायचा. घट्ट असेल तर टण्ण वाजतो, ढिला असेल तर बद्द. ढिला निघाला की त्याच्याभोवती खडूने गोल करायचा. तो काढून दुसरा मारतात.

आई म्हणाली, "तुझे आजोबा रात्री जेवायला बसले की हात कापायचा. घास तोंडापर्यंत जायचा नाही. मी म्हणायची, एवढं ठोकत बसता, एखादा राहिला तर काय होतंय? तर म्हणायचे, 'खडू मारायचा राहिला तर मला झोप लागायची नाही. वरून गाडी जाते.' अंगठा उठवायचे बाई ते पगाराला. सही येत नव्हती. खडू हीच त्यांची सही."

एवढे बोलून ती उठली आणि नेहमीप्रमाणे ड्रमांवर बोट वाजवत गेली.

पुतणी सोमवारी पुण्याला परतली. अहवालात तिने जे घडले तेच लिहिले : तिसऱ्या फेरीनंतर चाळीस सेकंद चुकीचे वाचन, वायर बदलूनही तेच, निकाल नापास. आणि खाली सही केली. नोकरी गेली नाही, पण सत्कारही झाला नाही. तिला चेंबरवरून काढून दुसऱ्या टेबलावर कागदपत्रांच्या कामाला बसवले. त्या वर्षीची पगारवाढ इतरांपेक्षा कमी मिळाली. भाऊ महिनाभर आमच्याशी नीट बोलत नव्हते. कर्जाचा हप्ता एकदा आम्ही भरला, आणि तो भरताना मनाला बरे वाटले.

तीन-चार महिन्यांनी तिचा फोन आला. तो डबा बनवणाऱ्या कंपनीने उघडून पाहिला होता. एका जोडाच्या सीलमधून दव आत जात होते, आणि गोठल्यावर आतली दोन टोके काही क्षण एकमेकांना चिकटल्यासारखी वागत होती. बर्फ वितळला की पुन्हा ठीक. त्यांनी सील बदलले, पाणी निथळायला वाट केली आणि डबा पुन्हा परीक्षेला पाठवला.

"नाना, पास झाला. तिन्ही फेऱ्या," ती म्हणाली. मग जरा थांबून, "सही दुसऱ्याची आहे."

"असू दे," आम्ही म्हणालो. दुसरे काय म्हणायचे ते आम्हाला सुचले नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरांतली मुलेमुली आता आयटीआय, पदविका करून कारखान्यांत, प्रयोगशाळांत जात आहेत. आम्ही त्यांना पगार विचारतो, कायम झालास का विचारतो. ते विचारायलाच हवे, पोट सर्वांना आहे. पण तू तपासतोस काय, आणि तुझी सही कशावर होते, हेही एकदा विचारावे. समजले नाही तर समजेपर्यंत विचारावे, जसे आमच्या आईने विचारले. ज्या विमानात आपण बसणार नाही त्यातली माणसेही कुणाची तरी आहेत. आणि घरात कुणावर अशी वेळ आली, तर त्याला बारीक अक्षरांतला शेरा शिकवू नये. एखाद्या महिन्याचा हप्ता आपण भरावा, पण त्याला त्याची सही खरी करू द्यावी.

आमच्यापुरते सांगायचे तर, आता आमच्या टेबलावर खेपांची कोणतीही वही आली की आम्ही सायकल काढतो आणि टँकर जिथे रिकामा होतो तिथे जाऊन उभे राहतो. हंडे भरताना पाहतो. खेप मोजतो. मग परत येऊन सही करतो.